शब्बीरभाईंनी नापास केलेला दगड

सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की पिंपरीच्या मंडईत सध्या कलिंगडं, नारळ आणि माठ तपासणीविना विकले जात आहेत. तपासणारे शब्बीरभाई मुलाणी आपला शब्द पुरा झाल्यावर दिघीतलं घर बंद करून राजगुरुनगरला लेकीकडे राहायला गेले आहेत. तरी ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर खरेदी करावी.

शब्बीरभाई चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. गाड्यांचे सुटे भाग हातात घेऊन ते चांगले की टाकाऊ हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल देऊन सोडलं, पण तपासणी काही त्यांना सोडेना. दिसेल ती वस्तू ते बोटाच्या पेराने वाजवून बघत. दार, पाण्याची टाकी, लोकांच्या स्कूटरी. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं हेल्मेट वाजवलं. ते माझ्या डोक्यावर होतं.

"हेल्मेट पास हाय," ते म्हणाले. "आतलं नंतर बघू."

ही भेट झाली इंद्रायणीतल्या एका बेटावर. बेटावर उद्यान आहे. त्यात घसरगुंडी आहे, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे, फुलं नाहीत. मात्र मागच्या टोकाला जुना दगडी घाट आहे, लढाईत पडलेल्यांच्या चार वीरगळी आहेत आणि एका दीपमाळेचा चौथरा आहे. दीपमाळ स्वतः कधीतरी पुरात कोसळलेली. तिचे दगड उद्यानाच्या मोडक्या बाकांच्या काँक्रीटमध्ये मिसळून गेलेले. दर रविवारी सकाळी आम्ही स्वयंसेवक छोट्या पुलावरून तिथे जायचो आणि झाडलोट करायचो. बहुतेक जण कारखान्यांतले. कुणाला इतिहासाची ओढ होती, कुणाला फोटोची. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि काम संपल्यावर तिथे पोहे मिळत.

शब्बीरभाईंचं कारण वेगळं होतं. त्यांच्या गावच्या जत्रेत दीपमाळेत तेल घालायचा मान मुलाणींच्या घराचा. त्यांच्या वडलांनी घातलं, लहानपणी त्यांनीही घातलं. पुढे रस्ता रुंद झाला आणि दीपमाळ गेली. "एक डोळ्यांदेखत गेली, राव," ते म्हणायचे. "ही पेटलेली बघितल्याबिगर मी दिघी सोडणार न्हाई." लेक न्यायला दोनदा येऊन परत गेली होती.

अडचण एवढीच, की उद्यानवाल्यांनी अट घातली होती. उद्यान नव्याने करायचं चाललं होतं; त्याच्या उद्घाटनाआधी दीपमाळ उभी राहिली तर राहील. नाही तर चौथऱ्यावर टाइल्स आणि सेल्फी पॉइंट. आम्हाला सल्ला देणाऱ्या पुरातत्त्वाच्या बाई म्हणाल्या, आधी जुने दगड आणि काँक्रीट वेगळं करा. हे ऐकून शब्बीरभाईंचे डोळे असे चकाकले, जणू कंपनीने त्यांना परत शिफ्टला बोलावलंय.

मग काय थाट! मोडक्या खुर्चीवर शब्बीरभाई, समोर आमची रांग. प्रत्येक दगड त्यांच्यापुढे यायचा. ते तो वाजवायचे, फिरवायचे, वास घ्यायचे. जुना असेल तर खडूची रेघ, कारण जुन्या दगडाला रंग लावायला बाईंनी सक्त मनाई केली होती. काँक्रीट निघालं तर मात्र कारखान्याचा नियम: नापास माल लाल. नुसता ठिपका नाही, चहूबाजूंनी चांगला जाड ऑइल पेंट. "नापास पीस चुकून परत लाइनवर आला, तर इन्स्पेक्टरनं तोंड दाखवू नये," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा कंटाळून म्हटलं, "भाई, असू द्या, सगळे सारखेच दिसतात." ते म्हणाले, "भावा, माणसंबी सारखीच दिसतात. म्हणून काय तुला कुणी सासरा समजून मुजरा करतं का?"

नापास माल टेम्पोने जायचा होता. तोवर तो ठेवायला सपाट जागा हवी, म्हणून आम्ही तो रचला दीपमाळेच्या चौथऱ्यावर. टेम्पोवाला म्हणाला, उद्या येतो. टेम्पोवाल्यांचा उद्या कसा असतो हे वाचकांना ठाऊक आहे.

त्याच सुमारास टाइल्सची खोकी येऊन पडली. अट झुगारून उद्घाटनाआधीच! आम्ही चिडलो, स्वयंसेवकांचे टी-शर्ट घालून खोक्यांसमोर निषेधाचा फोटो काढला आणि पोहे खाऊन घरी गेलो. पुढच्या रविवारी बघतो तर खोकी गायब! आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत पुढे गेलो आणि चौथऱ्यापाशी थबकलो.

ढिगातला सगळ्यात मोठा तुकडा, बाकड्याचा पाय, मधोमध उभा केला होता. शब्बीरभाईंच्या हातचा लालभडक. त्याच्यावर हळद-कुंकू, पुढे नारळ, झेंडूचा हार. वर आलेली गंजकी सळई मुकुटासारखी शोभत होती. बाकीचे नापास तुकडे भोवती गोल मांडलेले.

आमच्यातला फिटर कदम लातूरकडचा. त्याला राहवलं नाही. "भाई, तुमचा रिजेक्ट पीस देव झाला की ओ!"

शब्बीरभाई घाटाच्या पायरीवर मटकन बसले. "या अल्ला," ते म्हणाले. "सगळ्या नोकरीत एक नापास माल बाहेर जाऊ दिला न्हाई. एकच गेला, तो डायरेक्ट देव्हाऱ्यात."

पुढच्या काही रविवारांत देवाला घंटा आली, पत्र्याचं छप्पर आलं. उद्घाटन जवळ येत होतं. जुने दगड निवडून, क्रमाने लावून तयार होते; पण चौथरा मोकळा झाल्याशिवाय पहिला दगडही बसणार नव्हता. कदम म्हणाला, अंधार पडल्यावर उचलून नदीत सोडू. शब्बीरभाई म्हणाले, "चोरून केलेलं काम वाजवायचीबी गरज न्हाई, नापास." मी सुचवलं, देव माझ्या स्वप्नात आला आणि जागा बदला म्हणाला, असं सांगतो. ते माझ्याकडे वळले. "खोटा शिक्का मारायला लावतो व्हय रे? मी रंग लावला, मीच सांगणार."

आम्ही हादरलो. "भाई, तुम्ही नका बोलू," कदम हलक्या आवाजात म्हणाला. "दुसरा कुणी बोलला तर भांडण हुईल. तुम्ही बोललात तर बातमी हुईल."

"ते मला कळतंय," शब्बीरभाई म्हणाले. "पण दीपमाळ काय खोट्यावर उभी करायची?"

त्या रविवारी काठावरच्या वस्तीतल्या बायका पूजेला आल्या. पुढे हौसामावशी. नदीकाठचा भाजीचा मळा आणि वस्तीतल्या समस्त सुना त्यांच्याच हुकमात. शब्बीरभाईंनी टोपी नीट केली आणि पुढे झाले. माझी मोटारसायकल पुलापलीकडे का लावली, याचा मी मनातल्या मनात पश्चात्ताप करत होतो.

"मावशी," ते म्हणाले, "हा लाल रंग मी लावला. हा मोडक्या बाकड्याचा पाय हाय. टाकून द्यायचा म्हणून रंगवला होता. तुमच्या मनाला लागंल, पण खरं सांगितल्याबिगर मला झोप न्हाई. हितं दीपमाळ उभी करायची हाय."

हौसामावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पदर खोचला, चौथऱ्यावर चढल्या, हार काढून सुनेच्या हातात दिला, नारळ पिशवीत टाकला आणि बाकड्याच्या पायाला हात घालून म्हणाल्या, "धरा की तिकडनं! माझी कंबर मोडायची वाट बगताय व्हय?"

कदमने दुसरी बाजू धरली. चौथरा मोकळा झाला. शब्बीरभाई तसेच उभे. डोळे वाहायला लागलेले.

"मावशी... तुमाला राग न्हाई आला?"

"राग कशाचा? त्या बाकड्यावर बसून भाजी निवडलीय आमी, वळकत न्हाई का?" आणि मग आम्हा टी-शर्टवाल्यांकडे हात करून त्या सगळ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टायलीवाला खोकी फोडाय मंगळवारीच आला व्हता घमेलं घिऊन; देव बगून खोकी उचलून गेला! तुमी येनार रविवारचं, फोटू काढनार, पोहे खानार. सोमवार ते शनवार राखायला कुनीतरी बसवाय नको व्हय?"