नऊ व्होल्टचा हट्ट

माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं लोणंदच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्याआधी अकरा वर्षं मी तिथंच सोल्डरिंगच्या टेबलावर होतो. पाण्याच्या मोटारींच्या स्टार्टरमध्ये जी सर्किटं बसतात, त्यांचे टाके मारायचो. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून मला तासाभरासाठी तिकडं उभं केलं. तो तास काही पुरा झाला नाही.

जखम भरल्यावर कारखान्यानं मला परत घेतलं, पण गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि साखळी वर-खाली करायची. साहेबांनी माझ्या कागदावर एक ओळ लिहिली होती : ‘बारीक कामास अयोग्य.’ त्याखाली मी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. सगळे म्हणाले, नोकरी राहिली हे नशीब समज. मी तसं समजायचा प्रयत्न करून बघितला. जमलं नाही.

हाताच्या व्यायामासाठी दर पंधरा दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यात जायचो आणि बहिणीकडं उतरायचो. दाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या कपाटात एक जुना, दोन्ही कान झाकणारा हेडफोन होता. मी तो फोनला लावला आणि सनई ऐकायला घेतली. दोन घरं सोडून कुणाच्या तरी लग्नात वाजत असावी, एवढाच आवाज.

“त्याला फोन पुरत न्हाई गड्या,” दाजी म्हणाले. “आत लय बारीक तारेचं वेटोळं असतंय. जोर लागतो.”

“मग एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर करतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, खिशात मावणारा.”

दाजींनी माझ्या हाताकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “मी देतो की करून. तुज्यानं आता कुठं व्हायचं ते?”

अगदी मायेनं म्हणाले. त्या मायेचाच मला राग आला. साहेबांच्या ओळीवर मी सही करून बसलो होतो, पण ह्या वाक्यावर करणार नव्हतो.

“न्हाई दाजी. हेडफोन तेवढा द्या. बाकीचं मी बघतो.”

सामान तसं किरकोळच. आठ पायांची एक चिप, दहा-बारा रेझिस्टर, पाच-सहा कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि दोन सॉकेट. सांगलीतच सगळं मिळालं. पूर्वी असलं सर्किट मी एका दुपारी उरकलं असतं. आता दीड महिना लागला.

सोल्डरिंगला खरं तर तीन हात लागतात : एक सोल्डरगन धरायला, एक तार पुढं सारायला आणि एक वस्तू हलू न द्यायला. धडधाकट माणसालासुद्धा एक हात कमी पडतो. मी गन डाव्या हातात घेतली. तार अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत. करंगळी थरथरायची. कपडे वाळत घालायचे चिमटे फळीवर खिळ्यांनी ठोकून त्यांत बोर्ड अडकवला. पहिल्या आठवड्यात एक चिप भाजून मेली, बोर्डावरचं तांबं उचकटलं. चटका अंगठ्याला बसायचा आणि झोंबायची ती नसलेली बोटं.

सकाळी मी खिडकीशी बसायचो, दुपारी ड्यूटीला जायचो. माझी बायको त्याच खोलीत ब्लाउज शिवते. एकदा एकच रेझिस्टर चार वेळा खाली पडला तशी ती मशीन थांबवून उठली.

“आणा हिकडं, मी धरते.”

“हात लावू नकोस!”

इतक्या जोरात ओरडलो की माप द्यायला आलेली बाई दारातूनच मागं सरली. बायकोनं आधी तिचं माप घेतलं. बाई गेल्यावर मात्र म्हणाली, “आवं, धरते म्हणाले. करते न्हाई म्हणाले.”

मला शरम वाटली. तरीही धरायला दिलं नाही, हेही खरं. दुसऱ्या दिवशी टेबलावर बघतो तर ताटलीत कणकेचा एक घट्ट गोळा.

“हिला धरायला सांगा,” ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “ही कुणाला सांगायची न्हाई.”

कणकेत रुतवलेला रेझिस्टर हलला नाही. तिथून काम पुढं सरकलं.

एका रविवारी सर्किट टेबलावर वाजलं. सनई इतकी जवळ आली की वादकानं श्वास घेतलेला ऐकू आला. मी खुशीत तो बोर्ड खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला, झाकण लावलं आणि पुन्हा हेडफोन घातला. फाटका आवाज, निम्मा कापून टाकल्यासारखा. बाहेर काढला की नीट, आत ठेवला की फाटका. दाजींना फोन केला तर म्हणाले, “घेऊन ये, मी बघतो.” मी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि गेलो नाही.

तीन दिवसांनी लक्षात आलं. कारखान्यात बॅटरीची काळी तार आम्ही नेहमी पत्र्याच्या बॉडीला जोडायचो. इथंही मी तसंच केलं होतं. पण ह्या सर्किटात एकाच बॅटरीच्या नऊ व्होल्टचे दोन भाग करतात आणि मधला बिंदू शून्य धरतात. हेडफोनची परतीची तार सॉकेटच्या गळ्यातून त्या मधल्या बिंदूला जाते. सॉकेटचा लोखंडी गळा डबीला टेकत होता, म्हणजे मधला बिंदू थेट काळ्या तारेला भिडत होता. अकरा वर्षांची सवयच आडवी आली होती. मी काळी तार डबीवरून सोडवली, बाटलीच्या झाकणाची चकती कापून सॉकेटखाली घातली. डबी वाजली.

सांगलीला गेल्यावर ती दाजींच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

“डावीकडं जरा कमी येतंय,” ते म्हणाले. “बटण बदल.”

त्यांनी माझ्या कामात खोट काढली! इतकं बरं मला अपघातानंतर कशानंच वाटलं नव्हतं.

मग ती डबी मी साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. “टाके बघा, साहेब.”

साहेबांनी बघितले. तोंडभरून कौतुक केलं. येत्या सुरक्षा-दिनाला स्टेजवर माझा सत्कार करायचा, हात गेला तरी जिद्द कशी असावी ते सगळ्यांना सांगायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, असं बोलून मोकळे झाले.

“शाल नको, साहेब. टेबल द्या.”

“ते माझ्या हातात नाही.”

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. दहाच्या दहा बोटं होती.

सुरक्षा-दिनाला कर्ण्यावरून दोनदा माझा पुकारा झाला. मी गेटवरून हललो नाही. कुठली गाडी थांबली होती म्हणून नव्हे. रस्ता मोकळाच होता. माझी बोटं गेली तेव्हा प्रेसवर संरक्षक जाळी नव्हती, आणि माझ्या खांद्यावर शाल टाकून ते झाकायला मी देणार नव्हतो. साहेब महिनाभर बोलले नाहीत.

मी अर्ज केला : नव्या माणसांची घेता तीच चाचणी माझी घ्या. उत्तर आलं नाही. दुसरा केला, त्यालाही नाही. तिसरा मी टेबलावरच्या सगळ्या कामगारांसमोर साहेबांच्या हातात दिला. तेव्हा हो म्हणाले.

पंचवीस टाके, अर्धा तास. कणीक मी घरूनच नेली होती. कुणी हसलं नाही. टेबलावरच्या जुन्या बाईंनी भिंगातून एकेक टाका तपासला. “एक पण कच्चा न्हाई,” त्या म्हणाल्या. मला पन्नास मिनिटं लागली होती.

“बघितलंस ना?” साहेबांनी घड्याळ दाखवलं.

“बघितलं. तुमी टाके बघितलेत न्हवं?”

मी अजून गेटवरच आहे. सकाळी खिडकीशी सराव करतो, बायको शिवता शिवता वेळ मोजते. काल एकेचाळीस मिनिटं झाली. चौथा अर्ज लिहून ठेवला आहे, सोमवारी देणार.