शालोमकाका येऊन गेले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही माझ्याकडून नाही. तोंडावर बोलणारा म्हणून लालबागेत माझं नाव आहे — आणि एवढं एक मात्र आजवर तोंडातून निघालं नाही.

संप लांबला होता. वडील संपात. मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, आणि अंधारात मागच्या गेटनं त्यांच्याच गिरणीच्या ऑफिसात कारकुनी करायला जात होतो. घरी सांगायचो, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. जिन्यात शालोमकाका भेटायचे. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू; साचेखात्यात मागावर विणणारे, तेही संपावर. त्यांच्या मोठ्या उपासाआधीचे दिवस. पहाटेच्या प्रार्थनेला भायखळ्याच्या सिनेगॉगमध्ये निघालेले. माझ्या हातातला डबा बघायचे. समजायचे, आणि वाट द्यायचे.

चाळीतलं कुणीतरी फुटलंय, कामावर जातंय, अशी कुणकुण संपातल्या पोरांना लागली. त्यांनी मला विचारलं. मी काय म्हणालो? "पहाटे काका कुठं जातात, ते बघा जरा." बस. खोटं होतं का? शब्दानं नव्हतं — ही माझी शिकलेली अक्कल.

गॅलरीत मारलं त्यांना. माझं नाव घेतलं असतं तर सुटले असते. घेतलं नाही. उजवा हात पुन्हा साच्यावर चालला नाही.

पुढच्या वर्षापासून उपासाच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे येऊ लागले. पहिल्याच वेळी म्हणाले, "आमच्यात असं आहे, बाळा. माणसाचं वाईट केलं तर देव माफ करत नाही, त्या माणसानंच करायचं. माफी मागणाऱ्याला जड जाऊ नये, म्हणून आपणच त्याच्या वाटेत जाऊन बसायचं."

आणि बसून राहिले. मी चहा दिला. मालकांना शिव्या घातल्या. वर्षानुवर्षं हेच.

कळलं नव्हतं? पुरतं कळलं होतं. रागच यायचा मला — त्यांचा. हा माणूस एकदा थोबाडीत का मारत नाही?

शेवटच्या वर्षी — पुढचा उपास त्यांना लाभला नाही — तिसऱ्या मजल्यावर कठडा धरत धरत आले. मी बायकोला म्हटलं, घरात नाही सांग. माझ्या चपला दारातच होत्या.

काकांनी त्या पाहिल्या. मग तिला म्हणाले, "आला की सांग, मी येऊन गेलो."

तिला सांगावं लागलं नाही. मी दाराआडच उभा होतो.