कान वाहायचा थांबला तेव्हा

न्हाणीघराच्या फरशीवर मी उजव्या कुशीवर पडले होते आणि फरशी फिरत होती. डोके जरा उचलले की नळ, बादली, खिडकी सगळे एका बाजूला ओढले जायचे आणि पोटातले तोंडात यायचे. डोके खाली टेकले की फिरणे कमी व्हायचे. पण माझा चांगला कान उजवा. तो फरशीला लागला की बाहेरचे काहीच कळत नव्हते. डाव्या कानाने मला कित्येक वर्षांत धड ऐकू आलेले नाही. म्हणजे ऐकायचे तर ओकायचे, आणि ओकायचे नाही तर बहिरे पडून राहायचे. दाराला आतून कडी. ती मीच लावलेली.

दार आत उघडणारे, आणि मी दाराला पाठ लावून पडलेली. कोणी कडी तोडली असती तरी मला ढकलूनच आत यावे लागले असते.

तसे पडल्यापडल्या मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माझा डावा कान वाहायचा थांबला होता. म्हणजे आता माझी पाळी.

हे मला ठाऊक असण्याचे कारण माझी बहीण. आम्ही बडोद्याजवळच्या डभोईच्या. वडील तिथे एका शाळेत शिपाई होते. आम्ही दोघी बहिणी एका अंथरुणात निजायचो, एकीला सर्दी झाली की दुसरीला व्हायची. थंडीत कान ठणकायचा, रात्रभर रडायचो, मग पडदा फुटून पू यायचा आणि ठणका जायचा. आई लसूण तळलेले तेल कोमट करून कानात ओतायची. त्यावर आम्ही तलावात डुंबायचो. कान पुन्हा वाहायचा. बहिणीचा जास्त. त्याला वास यायचा, म्हणून शाळेत तिला शेवटी बसवायचे.

कोणीतरी आईला सांगितले आणि ती बहिणीला एका कंपाउंडरकडे घेऊन गेली. त्याने कानात पांढरी पूड फुंकली. कान कोरडा झाला. आईने शेजारीपाजारी सांगितले, पोरगी बरी झाली. मग ताप चढला. मान ताठ झाली. ती आईला ओळखेना. गेली.

आईने त्यातून एक नियम काढला. वाहणारा कान बंद करायचा नाही. बंद केला की घाण मेंदूत चढते. माझ्या कानात तिने पुन्हा कधी औषध घालू दिले नाही. कापसाची वात, एवढेच. "वाहतोय तोवर तू आहेस," असे ती म्हणायची.

लग्न होऊन बडोद्याला आले. नवऱ्याने डॉक्टरकडे नेले, तो थेंब द्यायचा. थेंबांनी ठणका जायचा, वाहणे कमी व्हायचे. कापूस कोरडा निघू लागला की मी बाटली फेकून द्यायची. डॉक्टर म्हणायचा, औषध पुरे करा, कानात पाणी जाऊ देऊ नका, पडद्याला भोक आहे. मी मान हलवायची. हळदीकुंकवाला गेले की डावा कान भिंतीकडे येईल अशी जागा धरायची. बायकांना वाटायचे मला भिंतीला टेकायला आवडते. सून आली तिने महिन्याभरात तोंडावर सांगितले, "आई, कानाला वास येतो. दाखवून या." मला तिचा राग आला नाही. खरे होते ते.

यंदा कान आपोआप थांबला. मी काही घातले नव्हते. वात कोरडी निघाली. सून म्हणाली, "बघा, झाला ना बरा? उगीच घाबरत होता." कानाच्या तोंडावर बोट दाबले की डोके गरगरायचे, ते मी तिला सांगितले नाही. सांगून काय करणार? औषध घातले तर कान बंद होतो, आणि तो तर बंदच झाला होता. मी नुसती वाट बघत होते. जेवत होते, भाजी निवडत होते, आणि वाट बघत होते.

मग त्या सकाळी न्हाणीघरात.

बाहेर काय चालले होते ते मला नंतर कळले. मुलगा शहराबाहेर कोयलीला कामावर गेला होता. सून दार ठोकत होती, हाका मारत होती. शेजारची गुजरातण धावत आली आणि म्हणाली, "बूमो पाडीने शुं फायदो? मासी तो बहेरी छे!" ओरडून काय फायदा, मावशी तर बहिरी, हे सून मला अजून हसून सांगते. पण हसण्याआधी तिने डोके चालवले. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि दाराबाहेर फरशीवर आपटू लागली.

तो मला ऐकू आला. कानाखालच्या फरशीतून आला, ठक, ठक, ठक. मला कळले की बाहेर माणूस आहे आणि ते थांबणार नाही. मी भिंत धरून बसले, ओकले, डोळे मिटले आणि हाताने चाचपत कडी काढली. मग बादलीच्या बाजूला पडले, दारापासून दूर. सून आत आली. पहिले वाक्य तिचे, "अहो आई, कडी कशाला लावता?"

दवाखान्यात कानाची डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने कानाच्या तोंडावर बोट दाबले आणि माझे डोळे बघितले. डोळे हलले म्हणे. मग डोक्याचे आतले फोटो काढले. तिने सांगितले, भोकातून कानाची कातडी आत वाढली, तिची पिशवी झाली, ती हाड खात चालली आहे. तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचली. पलीकडे मेंदू आहे. ऑपरेशन करावे लागेल. ऐकू येईल असे नाही. तोंड वाकडे होण्याचाही थोडा धोका.

"मग कान बंद होणार?" मी विचारले.

"कोरडा होणार, बा." आमच्याकडे गुजराती माणसे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात.

"मग नको."

मुलगा चिडला. "आई, हट्टाला काही मर्यादा?" मी बहिणीचे सांगितले. त्याला हे कधीच सांगितले नव्हते. डॉक्टर पोरगी खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला बसली.

"तुमच्या आईने पाहिले ते खरे," ती म्हणाली. "वाहणे थांबले आणि मग ताप आला. पण पुडीने रोग गेला नव्हता. रोग आतच होता. पुवाला बाहेरची वाट मिळेना, तो आत गेला. तुमचे आता तेच व्हायच्या बेतात आहे. मला वाट बंद नाही करायची, रोगच काढायचा आहे."

मी रात्रभर त्या खाटेवर पडून होते. नाही केले तर बहिणीसारखे. केले तर आईच्या नियमाप्रमाणे बहिणीसारखेच. कोणत्याही कुशीला सुटका नव्हती. सकाळी मी सुनेला विचारले, "माझ्या जागी तुझी आई असती तर?"

"उचलून टाकली असती टेबलावर," ती म्हणाली. "विचारलेसुद्धा नसते."

मी हो म्हटले.

ऑपरेशन झाले. कानामागे चिरेची खूण आहे. तोंड वाकडे झाले नाही. डाव्याने ऐकू येत नाही, ते आधीही येत नव्हते. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घालते, ठरल्या वेळी कान साफ करून घेते, तेल एक थेंब नाही. न्हाणीघराची कडी मुलाने काढून टाकली. कान कोरडा आहे. पहिले काही महिने मी रोज सकाळी वात काढून उजेडात बघायची आणि ताप आहे का ते हात लावून पाहायची. आता बघत नाही.

आम्ही दोघी बहिणी होतो. दोघींचे कान वाहायचे. मी जगले.