शेवटचा अंक

जुनं पुस्तक हातात आलं की आमच्या गावचा शेठ आधी त्याचा वास घ्यायचा. धंदा गुळाच्या अडतीचा, त्यामुळे ढेप पारखायची सवय. डोळे मिटून म्हणायचा, "हाय की दम!" आणि पुस्तक पिशवीत. मी शेजारीच उभा असलो तरी काय उपयोग? रद्दीवाला म्हणायचा, "शेठनी घेतलं की, गुर्जी."

तुमच्यापैकी कुणाला जुन्या पुस्तकांचा नाद असेल तर तुम्हाला पटेल, एका गावात हा नाद दोघांना असू नये. मी साधा शाळामास्तर. एसटीने धक्के खात गडहिंग्लजला पोचावं, तर हा तिथून पोती भरून परत निघालेला! वर मलाच विचारायचा, "काय पावणं, उशीर केलासा?" अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

एकदाच मी त्याच्या आधी पोचलो. इचलकरंजीला रद्दीत मला एका बंद पडलेल्या मासिकाचा शेवटचा अंक मिळाला. त्यात एका क्रमशः कादंबरीचा शेवट होता. बाकीचे अंक त्याच्याकडे आहेत हे मला माहीत होतं. तसाच अडतीवर गेलो आणि अंक त्याच्या नाकासमोर धरला.

"हा आहे का तुमच्याकडं?"

त्याने अंक बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "न्हाय की! ह्योच तेवढा न्हाय."

काय सांगू, त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत गेलो. पुढे दर रविवारी अडतीवर जायला लागलो. तो मला मागचा एकेक अंक वाचायला द्यायचा. चहा यायच्या आधी त्याचा प्रश्न ठरलेला.

"गुर्जी, ती घर सोडून गेल्याली बाई माघारी आली का न्हाय?"

"अंकात आहे."

"मग द्या की वाचायला."

"अंक घराबाहेर जात नाही, शेठ."

"लई कडक हायसा राव," म्हणून तो खो खो हसायचा.

पुढे त्याने सगळा संग्रह विद्यापीठाला दिला. त्यातून संशोधन ग्रंथालय उभं राहिलं, दारावर त्याचं नाव लागलं. उद्घाटनाला मी टाळ्या वाजवल्या, पण पोटात नुसती आग. माझी पुस्तकं पलंगाखाली, बायको विचारते, "रद्दीत कधी घालताय?" एवढंच समाधान होतं, की त्या भल्यामोठ्या ग्रंथालयात एक अंक नाही आणि तो माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी तो गेला. रविवार काही जाता जाईना, म्हणून एक दिवस ग्रंथालयात गेलो. खरं सांगतो, ती उणीव डोळ्यांनी बघायलाच गेलो होतो. मासिकाचा संच मागवला. सगळ्यात खाली शेवटचा अंक होता!

"हा कुठून आला?" मी जवळजवळ ओरडलोच.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सर, शेठच सांगायचे की. ह्यो संच त्यांच्या वडिलांच्या वेळंपास्नं पुरा हाय."

म्हणजे मी अंक नाचवत गेलो तेव्हाही याच्या कपाटात तो होता. 'हाय की' म्हणाला असता, तर मी पुन्हा त्याच्या दारात पाऊल ठेवलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पुस्तकांचा मी हेवा केला, दारावरच्या नावाचा केला. पण त्या एका 'न्हाय'वर सगळ्यात जास्त जळतो. मला नसतं जमलं ते.

तसाच तरातरा अडतीवर गेलो, चांगला भांडणार होतो. शटर खाली होतं.