धवला थांबला तेव्हा

बायकोलाही हे मी कधी सांगितलेलं नाही. मुलीच्या हळदीच्या दिवशी ताईच्या खोलीची कडी मी बाहेरून लावली होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जन्मापासून पायांत बळ नाही, बोलणं अडखळत; समजतं मात्र सगळं. पनवेलजवळ गावात नवं घर बांधलं तेव्हा तिला वरची खोली दिली. उजेड चांगला येतो, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती पाहुण्यांना दिसू नये, असं मला वाटायचं. एकवीरेच्या पायऱ्या मी दरवर्षी चढायचो. घरच्या जिन्यावरून ताई कशी उतरेल, हे कधी मनात आलं नाही. त्या दिवशी उलव्याहून मुलाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. आत्याला पाहून त्यांनी मुलीबद्दल शंका काढली तर? या भीतीने मी कडी सरकवली.

आमच्याकडे धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना लग्नाला बोलावते. ठरलेली बाई आजारी पडली आणि तिने शिरढोणची एक म्हातारी पाठवली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. दोन ओळी गाऊन, आत्याचं नाव घ्यायच्या जागी ती थांबली.

"नवरीची आत्या कुठं हाय?"

"तिला बरं नाही. वर झोपलीय. तुम्ही नाव घ्या नुसतं."

"नुसतं नाव घेऊन काय करू? मानूस आना. मी बसते, तवर चाय पाजा."

मांडव हसला. नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, "आना की! आमी पन बगतो."

मी वर गेलो. ताई सरपटत दाराशी येऊन बसली होती. "दार... उघडेना," म्हणाली. मी म्हणालो, "कडी अडकली असेल." तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मी तिला उचलून खाली आणलं.

नवरीला हळद लावताना ताईचा हात थरथरला आणि शेजारी बसलेल्या त्याच आजीचा गाल माखला. "मना पन लावलीस? आता माजं पन लगीन लाव!" आजी म्हणाली. ताई पोटभर हसली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घातली.

त्या म्हातारीला आजारी बाईने पाठवलं की देवीने, यावर वाद घालत नाही. मी एकवीरा आईचे आभार मानतो. घराची अब्रू मीच सांभाळतोय असं वाटायचं, ते ओझं तिच्या पायाशी ठेवलं. ताईची खाट आता खाली, पुढच्या खोलीत आहे. लेकीच्या सासरचे आले की आधी तिच्याशी बोलतात.

पण खरं काय ते ताईला मी अजून सांगितलेलं नाही. तिची माफी मागायची राहिली आहे.