परशुरामपंतांचं मांसाहारी बी

देश सोडताना इंग्रज साहेबाने कचेरीत आपल्या वस्तू वाटल्या. कुणाला घड्याळ मिळालं, कुणाला छत्री. परशुराम जोगळेकरांना दोन कुंड्या मिळाल्या. झाडांची पानं लोणी चोपडल्यासारखी. वर बसलेलं चिलट पुन्हा उठायचं नाही. पान त्याला तिथेच जिरवायचं. एकादशी न चुकवणाऱ्या पंतांच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात हा मांसाहार उघड्या गॅलरीत चाले.

एकाचं फूल जांभळं, दुसऱ्याचं पांढरं. दोघांचा संकर करून मधल्याच रंगाचं फूल आणायचं, ही पंतांची हौस. पण दोन्ही एका वेळी फुलतील तर शपथ! यंदाच्या माघात फुलली. पंतांनी केरसुणीचा हीर घेतला, जांभळ्या फुलातला पडदा उचलून पराग टिपला, पांढऱ्याला लावला आणि खुणेसाठी देठाला लाल दोरा बांधला. वळून बघतात तर मागे घरमालकीण आवडाबाई.

बाई जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. त्यांनी दोरा पाहिला, चिकटलेली चिलटं पाहिली, मग पंतांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. सून रतन पोटुशी होती. दुसऱ्या दिवसापासून रतनने गॅलरीवरून येणंजाणं बंद केलं. इकडे पंतांनाही बाईंची खात्री नव्हती. देवासाठी त्या कुणाचीही फुलं न विचारता खुडत. बायकोला राखणीला बसवूनच ते कचेरीला निघत.

बोंड धरलं, फुगलं. एका संध्याकाळी पंत परतले तर माती पांढरी आणि पानं मलूल. चिमूट जिभेवर ठेवली. मीठ! बायको पाण्याला गेली होती, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता.

"तुम्ही टाकलंत?" दारात आलेल्या बाईंना पंतांनी विचारलं.

"मीच, मूठभर," आवडाबाई म्हणाल्या. "ता झार मास खातं, न तू त्याला लाल दोरा बांधतस. माझे घरान पोटुशी पोर हाय. न बघ, मिठान जललं. सरळ झार असतं तं जललं असतं?"

मिठाने कुठलंही झाड जळतं, हे पंतांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी आधी दोरा चाचपला. बोंड वाळून तडकलं होतं. तळहातावर तपकिरीसारखं बी सांडलं.

"ता काय लपवतस?"

पंतांनी हात पुढे केला. "बी आहे. तुमच्याच हाताने पेरा. मग तर झालं?"

बाईंनी बियांचा वास घेतला आणि नव्या कुंडीत पेरल्या. चैत्रात रतनला मुलगी झाली. कुंडीत मोहरीएवढी रोपं दिसली.

त्यानंतर आवडाबाई रोज सकाळी रोपं बघायला येऊ लागल्या. एक मूठ मिटलेली असे. पंत आधी मुठीकडे बघत, मग बाईंना या म्हणत.