मास्तरांची रिकामी वाटी

रत्नागिरीत हट्टी माणसांना तोटा नाही, पण आमच्या शेजारच्या मास्तरांपुढे ती सगळी म्हणजे लोण्याचे गोळे! शाळेतून निवृत्त झाले, तरी रसायनशास्त्राचा खडू काही हातातून सुटला नाही. आमच्या अख्ख्या मांडवी वस्तीची त्यांनी धातू आणि अधातू अशी वाटणी करून टाकली होती. वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे टाकणारी मासेवाली म्हणजे सोडियम. "दिल्याशिवाय चैन पडत नाय तिला!" वाचायला नेलेला पेपर कधीच परत न करणारे पोस्टमन म्हणजे क्लोरीन. आणि कुणाकडे चिमूटभर मीठही न मागणारे, कुणाच्या ओटीवर न चढणारे माझे बाबा म्हणजे निष्क्रिय वायू. हे त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं होतं, वर "राग मानू नका, फार स्थिर असतात ते," अशी पुस्तीही जोडली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मला नर्स व्हायचं होतं आणि मी दहावीला नेमकी विज्ञानात आपटले. "ऑक्टोबरला सुटलीस तर ठीक, नाहीतर नर्सिंगचं नाव काढायचं नाही," बाबांनी बजावलं. ते ऐकून मास्तर कुंपणापलीकडून गरजले, "हिला पास नाय केली तर मिशी उतरवीन!" मिशी चांगली झुपकेदार होती, त्यामुळे मलाच घाम फुटला.

पहिल्याच दिवशी त्यांनी पितळेच्या वाटीत खोबऱ्याच्या सात वड्या ठेवल्या. "ही तू, क्लोरीन. बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. मी सोडियम, माझ्या बाहेरच्या कक्षेत ही एकुलती एक." ती एक त्यांनी माझ्या वाटीत टाकली. "आता तुझे आठ झाले. माझी बाहेरची कक्षा गेली, आतली आठांची भरलेलीच आहे. दोघंही सुखी. पण देऊन मी धन झालो, घेऊन तू ऋण झालीस. आता एकमेकांना सोडवेल काय गो? तोच आयनिक बंध. आणि त्याचंच होतं मीठ!"

मी वाटी घरी नेली. आईने रीतीप्रमाणे ती पोह्यांच्या चिवड्याने भरून परत पाठवली. मास्तर चिवड्यासकट आमच्या दारात हजर! "वहिनी, दिलेला इलेक्ट्रॉन असा परत करतात काय? बंध कसा टिकायचा? वाटी रिकामीच यायला हवी!"

"रिकामं भांडं आमच्या घरातून जात नाय," आई कडाडली. "आमचा चिवडा नको, तर आमची पोरगी पण येणार नाय!"

झालं! शिकवणी बंद. परीक्षा तोंडावर आलेली. आठ दिवस मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबा उठले, वाटी घासूनपुसून कोरडी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या ओटीवर चढले. "घ्या मास्तर. रिकामी आहे. उद्यापासून पाठवतो हिला." मास्तरांचा निष्क्रिय वायू चक्क बंध जोडायला आला होता! त्यांच्या सगळ्या सिद्धान्तालाच बाबांनी सुरुंग लावला होता!

मी पास झाले. नर्सही झाले. पुढे मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्याच वाटीतून मी घरून पेज आणून त्यांना भरवायची. संपली की वाटी पालथी करून दाखवायची, "मास्तर, रिकामी!" ते मिशीत हसायचे. एकदा हळूच म्हणाले, "आता ती परत आणू नकोस. तुझ्याकडेच ठेव."

ती आणलीच नाही. आजही कुणाला काही द्यायचं झालं की त्याच वाटीतून देते आणि रिकामीच परत आणा म्हणून भांडते. लोक मला वेडी म्हणतात. मास्तरांची फार आठवण येते हो.